डोळ्याला खपणारं चित्र आणि हेडसेटमध्ये न खपणारं

पिक्सेलपंत

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमध्ये मजकूर मोबाईलइतका रेखीव का दिसत नाही, हा प्रश्न इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि उत्तर दर वेळी "रिझोल्यूशन कमी पडतं" एवढ्यावर आटोपतं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो. धागा लांबला तर समजून घ्या.

डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात त्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यामुळे दर अंशाला ६० पिक्सेल मिळाले की पिक्सेल दिसेनासे होतात, असा ढोबळ नियम आहे. मोबाईल नेहमीच्या अंतरावर धरला तर हा आकडा तो आरामात ओलांडतो, कारण त्याचा पडदा नजरेचा जेमतेम दहा-पंधरा अंशांचा तुकडा व्यापतो. हेडसेटला पिक्सेल शंभर-एकशेदहा अंशांवर पसरायचे असतात. २०२३ मध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट ३ मध्ये दर अंशाला २५ च्या आसपास पिक्सेल पडतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मग वाढवा की पिक्सेल! करू हिशेब. ११० अंश गुणिले ६० म्हणजे ६६००. उंचीलाही तेवढेच धरले तर एका डोळ्याला सव्वाचार कोटींहून जास्त पिक्सेल, दोन डोळ्यांना पावणेनऊ कोटींच्या घरात. फोर-के टीव्हीच्या दहापट. आणि हे सगळं सेकंदाला ९० वेळा नव्याने काढायचं, तेही बॅटरीवर चालणाऱ्या, चेहऱ्यावर बांधलेल्या यंत्राने. तूर्त विसरा.

गंमत अशी की एवढे पिक्सेल काढले तरी डोळा त्यातले बहुतेक बघणारच नाही. या ओळीतल्या एखाद्या अक्षरावर नजर खिळवा आणि नजर अजिबात न हलवता तीन-चार शब्द पलीकडचं वाचून दाखवा. जमत नाही. लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख झाकेल एवढ्याच भागात, म्हणजे मधल्या एक-दोन अंशांत, आपली नजर खरी तीक्ष्ण असते. डोळ्याच्या पडद्यावर त्या जागी फोव्हिया नावाचा लहानसा खळगा आहे. तिथे रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि त्याच्या मध्यावर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी नसतातच. बाहेर सरकत गेलं की शंक्वाकार पेशी विरळ होत जातात. सगळ्या मिळून दहा कोटींच्या आसपास प्रकाशग्राही पेशी, पण मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये तंतू दहा लाखांच्या आसपास. म्हणजे काटछाट डोळ्यातच होते. मेंदूला मिळतो तो गोषवारा. तरीही समोरचं सगळं कसं लख्ख दिसतंय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हवं तिथे फोव्हिया नेऊन टेकवतो.

कॉम्प्युटर ग्राफिक्सचं निम्मं शास्त्र या काटछाटीवर जगतं असं माझं मत आहे. डोळा उजेडातला बारीक फरक टिपतो, रंगातला तितका टिपत नाही. म्हणून व्हिडिओत सर्रास ४:२:० पद्धत वापरतात : उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकदा. अर्धा डेटा वाचतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. (लाल पार्श्वभूमीवर निळा मजकूर लिहिलात तर मात्र लक्षात येतं. करू नका.)

पण हेडसेट घातला की यातल्या बऱ्याच सवलती रद्द होतात. टीव्हीसमोर आपण चित्राच्या बाहेर असतो. चित्र हललं, अडखळलं, तरी खोली स्थिर असते. हेडसेटमध्ये खोलीसुद्धा तुम्हीच रेखाटलेली असते. माझा मुद्दा एवढाच आहे : पडद्यावर डोळ्याला काय *दिसत नाही* याचा फायदा घेतला की भागतं, व्हीआरमध्ये डोळ्याला, मानेला आणि कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला काय *खपत नाही* ते आधी बघावं लागतं. ग्राफिक्सवाले पहिली गोष्ट उत्तम जाणतात, दुसरी अजून शिकताहेत.

---

रातकिडा

मस्त धागा. एक शंका. डोळ्याला सेकंदाला ६० च्या वर फ्रेम दिसतच नाहीत ना? मग ९०, १२० हर्ट्झ ही नुसती जाहिरातबाजी का?

---

तिसरी_मिती

रातकिडा, हा समज इतका पसरलाय की त्याचा वेगळा समाचार घ्यायला हवा. डोळा कॅमेऱ्यासारखा फ्रेम पकडत नाही, त्यामुळे "किती फ्रेम दिसतात" याला एक उत्तर नाही. प्रश्न कोणता, त्यावर उत्तर.

लुकलुकणारा दिवा कधी स्थिर वाटायला लागतो? साधारण ६० हर्ट्झच्या आसपास, उजेड जास्त असेल तर आणखी वर. आणि समोर न बघता नजरेच्या कडेने बघितलं तर तोच दिवा पुन्हा लुकलुकताना जाणवू शकतो, कारण कडेच्या भागाला तपशील कमी दिसतो पण हालचाल आणि लुकलुक चांगली कळते. चित्रात तीव्र कडा असतील आणि नजर उडी मारत असेल तर ५०० हर्ट्झपर्यंतची लुकलुकही लोकांना ओळखता आली, असा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झालाय. म्हणजे तो ६० चा आकडा ठरावीक परिस्थितीतलाच आहे.

आता व्हीआरची खरी गोम. समजा तुम्ही हेडसेटमध्ये एका खांबाकडे बघताय आणि बघता बघता मान वळवलीत, सेकंदाला १२० अंश वेगाने. (हा काही फार वेग नाही, कुणी हाक मारली की आपण अशीच मान वळवतो.) मान उजवीकडे गेली की डोळे आपोआप तेवढेच डावीकडे फिरतात आणि खांब नजरेत स्थिर राहतो. कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत हा निरोप १० मिलिसेकंदांच्या आसपास पोचतो, शरीरातली ही अतिशय जलद प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पण पडदा तर डोक्याला बांधलाय, तो मानेबरोबर फिरतोय. ९० हर्ट्झला एक फ्रेम ११ मिलिसेकंद टिकते. तेवढ्या वेळात मान सव्वा अंशाहून जास्त वळली. फ्रेम पूर्ण वेळ पेटलेली राहिली तर खांबाचा प्रत्येक ठिपका डोळ्याच्या पडद्यावर तेवढा फरफटतो. दर अंशाला २५ पिक्सेल धरले तर तीसेक पिक्सेलांचा फराटा! कितीही महागडं पॅनेल घ्या, मान हलली की सगळी धुळधाण.

यावर तोडगा काढला तो मोठा विक्षिप्त वाटतो. पडदा बहुतेक वेळ *काळाच* ठेवायचा. प्रत्येक फ्रेमच्या ११ पैकी जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद चित्र पेटवायचं आणि विझवायचं. फराटा सहा-नऊ पिक्सेलांवर येतो. याला लो पर्सिस्टन्स म्हणतात. तेव्हा व्हॉल्व्ह या गेम कंपनीत असलेल्या मायकल एब्रॅश यांनी २०१३ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि ऑक्युलस या हेडसेट कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला दाखवलेल्या क्रिस्टल कोव्ह या नमुन्यात ते आलं. आता जवळजवळ सगळ्याच हेडसेटमध्ये असतं. पण पडदा एवढा वेळ काळा ठेवायचा तर हर्ट्झ वाढवावेच लागतात, नाहीतर कडेच्या नजरेला लुकलुक जाणवते. तेव्हा ९० आणि १२० ही जाहिरातबाजी नाही.

---

रातकिडा

म्हणजे पडदा काळा ठेवला म्हणून चित्र स्पष्ट दिसतं! डोकं गरगरलं. धन्यवाद.

---

भिंगरी

गरगरण्यावरूनच विचारते. व्हीआरमध्ये रोलरकोस्टर बघितला आणि पुढचा बराच वेळ मळमळत होतं. खरा रोलरकोस्टर मला अजिबात लागत नाही. यंत्रात खोट की माझ्यात?

---

तिसरी_मिती

दोन्हीत नाही. खऱ्या रोलरकोस्टरवर डोळे सांगतात "चाललोय" आणि कानही सांगतात "चाललोय". हेडसेटमध्ये डोळे सांगतात "खाली कोसळतोय" आणि कान सांगतात "खुर्चीवर बसलोय". या विसंगतीनेच मळमळ होते असं मानणारा सिद्धांत जुना आहे. १९७५ मध्ये रीझन आणि ब्रँड यांनी तो मोशन सिकनेसवरच्या पुस्तकात मांडला, तेव्हा हेडसेट घराघरात नव्हते. शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, त्या नुसत्या डोळ्यांनी झालेल्या गतीच्या भासाला व्हेक्शन म्हणतात. हा भास मुख्यत्वे नजरेचा मोठा भाग व्यापणाऱ्या हालचालीने जोर धरतो.

म्हणून उपायही तिथेच. २०१६ मध्ये फर्नांडिस आणि फायनर यांनी कोलंबिया विद्यापीठात दाखवलं की कृत्रिम हालचाल सुरू असताना दृश्याच्या कडा हळूच काळोख्या केल्या तर त्रास कमी होतो, आणि हळूच केल्या तर बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये "कम्फर्ट" किंवा "व्हिग्नेट" असं काही दिसलं तर चालू करा. सरकत जाण्याऐवजी टेलिपोर्ट (एका जागेवरून एकदम दुसऱ्या जागी) निवडा. वळणं सलग नकोत, टप्प्याटप्प्याने घ्या. आणि मळमळायला लागलं की थांबा, "सवय होईल" म्हणून रेटू नका. सवय होते, पण थोडं थोडं करून. रेटलं तर हेडसेट बघूनच पोट ढवळायला लागतं.

आणखी एक : उशीर. मान वळवल्यापासून त्याप्रमाणे बदललेलं चित्र डोळ्यात पोचेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत हवा, असा दंडक आहे. वरच्याच वेगाने मान वळवली तर २० मिलिसेकंदांत जग अडीच अंश मागे राहतं. एवढ्या वेळात सगळं चित्र नव्याने काढणं अवघड, म्हणून आधीच काढलेलं चित्र अगदी शेवटच्या क्षणी मानेच्या ताज्या स्थितीनुसार सरकवून दाखवतात.

---

सरळरेघ

वाचतोय. पण थोडा विरोधी सूर लावतो. डोळ्याला अमुक दिसत नाही म्हणून तमुक गाळा, हा सगळा जुगाड आहे. यंत्रं दुबळी आहेत तोवर ठीक. उद्या हार्डवेअर पुरेसं झालं की प्रकाशाचा प्रत्येक किरण भौतिकशास्त्राप्रमाणे मोजू आणि दृष्टीच्या अभ्यासाची गरजच संपेल. बरोबर उत्तर असताना अंदाज कशाला?

---

निळी_शाई

मी चित्रकार, प्रोग्रॅमर नाही, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही.

सरळरेघ, किरण अचूक मोजलेत, ते दाखवणार कशावर? माध्यान्हीच्या सूर्याची चकाकी दीड अब्ज निट्सच्या (निट हे चकाकी मोजायचं एकक) पुढे असते. तुमचा मॉनिटर काहीशे निट्सचा. मग ते आकडे दाबून-चेपून पडद्यात बसवावेच लागणार. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, हे भौतिकशास्त्र सांगत नाही, डोळा सांगतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. चित्रकार रंगांच्या डब्यातल्या पांढऱ्यावरून सूर्यप्रकाश भासवतात तेव्हा हेच करत असतात.

मुळात डोळा उजेड *मोजत* नाही, तुलना करतो. एडवर्ड अॅडेल्सन यांची १९९५ ची बुद्धिबळपटाची आकृती बघितली असेल : सावलीतला "पांढरा" चौकोन आणि उजेडातला "काळा" चौकोन एकाच राखाडी रंगाचे आहेत. माहीत असूनही डोळा ऐकत नाही. तपकिरी रंग घ्या. गडद खोलीत एकट्या दिव्यातून तपकिरी उजेड पाडून दाखवा, नारिंगीच दिसेल. आजूबाजूला त्याहून उजळ काही असेल तेव्हाच तो तपकिरी होतो.

एक प्रयोग करून बघा. एकाआड एक पिक्सेल काळा-पांढरा असा बारीक पट काढा. शेजारी दोन सपाट राखाडी चौकोन, एक १२८ चा आणि एक १८८ चा. चित्र मूळ आकारात ठेवा, झूम नको, आणि दोन पावलं मागे जा. पट कोणाशी मिळतोय? निम्मे पिक्सेल पेटलेत म्हणजे निम्मा उजेड, म्हणजे ० ते २५५ च्या मधला १२८, असं वाटतं. मिळतो तो १८८ शी. कारण ते आकडे उजेडाचे नाहीतच. डोळ्याला अंधाऱ्या छटांमधला फरक जास्त कळतो, म्हणून २५६ पायऱ्यांतल्या जास्त पायऱ्या अंधाराकडे दिलेल्या असतात. १२८ हा आकडा पूर्ण उजेडाच्या बावीस टक्क्यांहूनही कमी उजेड दाखवतो. अजूनही कितीतरी सॉफ्टवेअर फोटो लहान करताना या आकड्यांची सरळ सरासरी काढतात आणि बारीक नक्षीचे फोटो काळवंडतात. मी छापायला दिलेलं चित्र एकदा असंच मळकट होऊन आलं होतं. समोरचा म्हणे, "फाईलच तशी होती."

---

पिक्सेलपंत

निळी_शाई, दंडवत. १२८ आणि १८८ चा प्रयोग प्रत्येकाने करावा असा आहे.

सरळरेघ, तुमच्या मुद्द्याला उत्तर म्हणून एक जुनी गोष्ट. १९७१ मध्ये युटा विद्यापीठात हेन्री गुरो यांनी त्रिकोणांच्या ठोकळ्यांना गुळगुळीत दाखवायची युक्ती काढली : कोपऱ्यांवर उजेड मोजायचा आणि मध्ये सरळ सरासरीने भरायचं. आकड्यांत कुठेही खंड नाही. तरी लोकांना त्रिकोणांच्या कडांवर उजळ-गडद पट्टे दिसायचे. पडद्यावर ते पट्टे *नव्हतेच*. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच सांगून ठेवलं होतं की उजेडाचा चढ जिथे अचानक बदलतो तिथे डोळा स्वतःच पट्टा काढतो. मग युटा विद्यापीठातच बुई तुओंग फोंग यांनी उजेडाऐवजी पृष्ठभागाची दिशा सरासरीने भरून प्रत्येक पिक्सेलला उजेड नव्याने मोजायची पद्धत आणली. १९७५ च्या त्यांच्या लेखात या पट्ट्यांचा उल्लेख आहे. त्याच वर्षी ते गेले, ऐन तारुण्यात. आज ग्राफिक्स शिकणारा प्रत्येक जण पहिल्या काही आठवड्यांत फोंग शेडिंग लिहितो, त्यामागे डोळ्याची ही खोड आहे हे मात्र क्वचितच शिकवलं जातं.

---

सरळरेघ

टोन मॅपिंगचं मान्य. पण मग तुमच्याच आकड्याला चिमटा काढतो. दर अंशाला ६० पिक्सेल पुरे, हेही खोटंच की. दोन रेघा एका ओळीत आहेत की किंचित सरकल्यात हे डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाच्याही कितीतरी खाली, काही आर्कसेकंदांपर्यंत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कळतं. व्हर्नियर मोजपट्टी आपण डोळ्याने वाचतो ती याच जोरावर. म्हणजे ६० पिक्सेलला ठिपके दिसेनासे होतील, पण तिरक्या रेघेचे दाते जाणवतच राहतील.

---

पिक्सेलपंत

चिमटा बरोबर जागी बसला. म्हणूनच ढोबळ नियम म्हटलं. दाते घालवायला कडा मऊ करण्याचं तंत्र ६० लाही लागेलच.

---

दृष्टिका

डोळ्यांच्या तपासणीचं काम करते, त्यामुळे माझा प्रतिसाद त्या बाजूने.

तुम्ही सगळे पडद्याबद्दल बोलताय, पण हेडसेटमधला मूळ घोटाळा भिंगाचा आहे. जवळची वस्तू बघताना आपण एका वेळी दोन गोष्टी करतो. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातलं भिंग फुगून जवळ फोकस करतं. जन्मभर या दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात, एक झाली की दुसरी आपोआप. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप मांडला तेव्हापासून आपण ही जोडी तोडत आलोय. हेडसेटचा पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो, पुढच्या भिंगामुळे तो साधारण सव्वा ते दोन मीटरवर असल्यासारखा भासतो. आणि तिथेच *कायम* राहतो. आभासी फूल नाकाजवळ आणलं तर डोळे आत वळतात, पण फोकस मात्र दीड-दोन मीटरवरच ठेवावा लागतो, नाहीतर फूल धूसर. २००८ मध्ये हॉफमन, बँक्स आणि सहकाऱ्यांनी खास पडदा बनवून दाखवलं की ही ओढाताण थकवा आणते, शिवाय दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवायला वेळ लागतो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विनंती : वाचायचा मजकूर, बटणं, मेन्यू हे सगळं एक-दोन मीटरच्या टप्प्यात ठेवा. हातभर अंतराच्या आत काहीही फार वेळ बघायला लावू नका.

चष्म्याबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगते. पडदा डोळ्याला चिकटून आहे म्हणून लघुदृष्टीच्या माणसाला चष्मा लागणार नाही, असं नाही. फोकस दीड-दोन मीटरवर आहे, तेव्हा तेवढ्या अंतरावरचं ज्याला चष्म्याशिवाय धूसर दिसतं त्याला हेडसेटमध्येही धूसर दिसणार. चाळिशीचा नुसता वाचायचा चष्मा असेल तर तो बहुधा काढूनच ठेवावा लागेल.

दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजून घ्या. मोठ्यांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसांत बराच फरक पडतो. हेडसेट त्याप्रमाणे लावला नाही तर चित्र धूसर होतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात, आणि अंतराचे अंदाजही बिघडू शकतात.

---

अर्धचंद्र

दृष्टिकाताई, मला लहानपणापासून तिरळेपणा आहे, थ्रीडी सिनेमा कधीच "बाहेर" आला नाही. व्हीआर माझ्यासाठी फुकटच का?

---

दृष्टिका

अजिबात नाही. दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक ही खोली, म्हणजे कोणती वस्तू किती जवळ-दूर आहे ते, ओळखायच्या अनेक खुणांपैकी एक. एक वस्तू दुसरीला झाकते, दूरची लहान दिसते, सावली पडते, आणि मान हलवली की जवळचं झपकन सरकतं, दूरचं सावकाश. ही शेवटची खूण थ्रीडी सिनेमात नसते, व्हीआरमध्ये असते. म्हणून सिनेमाने निराश केलेल्या काही जणांना हेडसेटमध्ये खोली छान जाणवते. जरा मान हलवत बघा. डोळ्यांवर उपचार चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

निळी_शाई

सावलीवरून आठवलं. कर्स्टन आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं एक प्रात्यक्षिक आहे : पेटीत एक चेंडू तिरका सरकतो. चेंडूचा मार्ग अगदी तोच, फक्त सावलीचा मार्ग बदलला. सावली चेंडूला चिकटून गेली तर चेंडू जमिनीवरून मागे घरंगळताना दिसतो. सावली वेगळी पडली की तोच चेंडू हवेत वर चढताना दिसतो. टेबलावर ठेवलेल्या वस्तूखाली बारीकशी काळी कड विसरलात तर वस्तू तरंगायला लागते, बाकी मॉडेल कितीही घासूनपुसून केलेलं असो.

---

तिसरी_मिती

याला व्हीआरमधली पुस्ती. साध्या गेममध्ये विटांची भिंत सपाटच असते, उठाव उजेडाच्या युक्तीने दाखवतात. जेम्स ब्लिन यांची १९७८ ची बंप मॅपिंगची कल्पना. मॉनिटरवर झकास चालते. हेडसेट घालून तीच भिंत जवळून बघा : दोन्ही डोळ्यांना सारखंच चित्र मिळतं, मान हलवली तरी विटा एकमेकींना झाकत नाहीत, आणि ती भिंत नसून चिकटवलेला कागद आहे हे लगेच कळतं. दूरवर मात्र युक्ती खपते. म्हणून हातात घ्यायच्या वस्तूंना खरी भूमिती, लांबच्यांना युक्ती, अशी वाटणी करतो.

दोन डोळ्यांत तफावत राहिली तर आणखी वाईट. एका शेडरमध्ये (पृष्ठभागाचा रंग-उजेड मोजणारा छोटा प्रोग्रॅम) चकाकीसाठी दोन्ही डोळ्यांना डाव्याच कॅमेऱ्याची जागा दिली गेली होती. मॉनिटरवर काहीच दिसेना. हेडसेटमध्ये मात्र धातूच्या भांड्यावरची चमक पृष्ठभागावर रंगवल्यासारखी, मेलेली. उलट टोकाला, सावली एकाच डोळ्यात पडली तर मेंदू दोन्ही चित्रं जुळवू शकत नाही आणि ती जागा शिवशिवत राहते. डावा-उजवा डोळा आलटून पालटून मिटून बघणं ही आमची सगळ्यात स्वस्त तपासणी.

आणि पुलफ्रिख परिणाम! एका डोळ्यापुढे गडद काच धरा, आडवा झोका घेणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसतो. मंद उजेडातल्या डोळ्याची बातमी मेंदूकडे किंचित उशिरा पोचते. कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये याचं स्पष्टीकरण प्रसिद्ध केलं. हेडसेटचे दोन पडदे कमी-जास्त उजेडाचे असतील तर हलत्या वस्तूंची खोली अशीच चुकते.

---

रातकिडा

परत आलो. पंतांनी सुरुवातीला म्हटलं की नजर दोनच अंशांत तीक्ष्ण. मग फक्त तेवढंच नीट काढून बाकीचं अंधुक का काढत नाहीत?

---

पिक्सेलपंत

काढतात! फोव्हिएटेड रेंडरिंग. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये ग्युंटर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साध्या मॉनिटरवर नजरेचा माग काढून हे केलं आणि काम पाच-सहापट हलकं झाल्याचं दाखवलं. आज प्लेस्टेशन व्हीआर २ आणि अॅपल व्हिजन प्रोमध्ये डोळ्यांचा माग काढणारे कॅमेरे आहेत आणि ही युक्ती वापरात आहे.

पण "बाकीचं अंधुक" हे वाटतं तितकं सोपं नाही. नुसतं धूसर केलं तर कडेच्या नजरेला बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं. तिथे तपशील ओळखता येत नाही, पण काहीतरी तपशील *आहे* हे कळतं. एनव्हिडियातल्या पॅटनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की धूसर केल्यावर गेलेला कॉन्ट्रास्ट परत वाढवून दिला तर जास्त काटछाट खपते. त्याहून अवघड म्हणजे लुकलुक. कमी पिक्सेलांत काढलेली बारीक कड मान हलली की चमचमते, आणि कडेची नजर नेमकी त्याचसाठी बनली आहे. धूसरपणा माफ, चमचम नाही.

आणि वेग. डोळ्याची उडी सेकंदाला काहीशे अंश वेगाने होते. उडी संपायच्या आत नव्या जागेचं तीक्ष्ण चित्र तयार हवं. थोडी उसंत मिळते ती डोळ्याच्याच एका सोयीमुळे : उडी चालू असताना आणि संपल्यावर क्षणभर मेंदू येणारं चित्र जवळजवळ दाबून टाकतो. आरशात आपलेच डोळे हलताना आपल्याला कधी दिसत नाहीत, ते यामुळेच.

---

तिसरी_मिती

त्या उडीचा आणखी एक वापर. डोळा उडी मारतोय तेवढ्यात सगळं आभासी जग कणभर फिरवलं तर कळत नाही. चालणारा नकळत वळत राहतो आणि छोट्या खोलीतही आपण सरळ लांब चाललोय असं त्याला वाटतं. २०१८ मध्ये उडी आणि पापणी मिटणं, दोन्हींवर असे प्रयोग झाले. त्याआधी, २०१० मध्ये, स्टाइनिके आणि सहकाऱ्यांनी उडीची वाट न बघता नुसतं हळूहळू जग वळवून मोजलं होतं : किमान २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चालणाऱ्याला आपण सरळ चालतोय असं वाटतं. एवढी खोली कुणाच्या घरी नसते, म्हणून उडीच्या वेळची चोरवाट कामाची.

---

सरळरेघ

एक व्यावहारिक प्रश्न. हेडसेटसाठी मराठी मजकुराचं एक छोटं पॅनेल बनवतोय. इंग्रजीसाठी सुचवलेला आकार घेतला तर जोडाक्षरं चिखल होतात. किती मोठं करू?

---

तिसरी_मिती

पॅनेल दोन मीटरवर ठेवा. तिथे एक अंश म्हणजे साडेतीन सेंटिमीटर, आणि तुमच्या हेडसेटमध्ये त्यात २५ पिक्सेल असं धरू. देवनागरीच्या अक्षराला, मात्रा-उकार सोडून, माझ्या मते २० पिक्सेल उंची तरी हवी, म्हणजे पावणेतीन-तीन सेंटिमीटर. वर रफार-अनुस्वार, खाली उकार-ऋकार, त्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा सढळ जागा सोडा. "ष्ट्य", "र्द्ध्या" अशी दाटी असलेले शब्दच चाचणीला घ्या, "कमल नमन कर" सगळ्याच आकारात सुंदर दिसतं.

शिरोरेघेकडे मात्र खास लक्ष द्या. ती लांबलचक, बारीक आणि आडवी. एका पिक्सेलाची झाली की मान जराशी कलली तरी तिच्यावर पायऱ्या धावायला लागतात, आणि तुम्हीच वर सांगितलंत की असल्या सरकलेल्या रेघा डोळ्याला किती बारीक कळतात. दोन पिक्सेलांहून बारीक होऊ देऊ नका. जाड वजनाचा फॉन्ट घ्या. अक्षरं साध्या चित्रासारखी न ठेवता डिस्टन्स फील्ड पद्धतीने (दर ठिपक्याला अक्षराची कड किती दूर आहे ते साठवून) ठेवा. व्हॉल्व्हच्या ख्रिस ग्रीन यांनी २००७ मध्ये दाखवलेली ती पद्धत जवळून बघतानाही कडा रेखीव ठेवते. पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळं नको, भिंगातल्या प्रकाशाच्या रेषा उठून दिसतात. गडद राखाडीवर मऊ पांढरं करून बघा.

---

सरळरेघ

शिरोरेघच नाचत होती! जाड केली, बरीच शांत झाली. ष्ट्य अजून घाण दिसतंय, फॉन्ट बदलून सांगतो.